कचरू वल्द पुंजाराम

त्या दिवशी दुपारी अदालतीतल्या पेशकारांनी खालच्या आवाजात जे नाव सांगितलं, ते ऐकून कचरू जागचा हलला नाही. पेशकारांना वाटलं, याला ऐकू आलं नसावं. चष्म्यावरून पाहत ते पुन्हा म्हणाले, "कचरू वल्द मच्छिंद्र, साकिन शहागड. तीनदा पुकार. फरारी हाये, येणार न्हाई; पण कायद्याला पुकार लागती." मुन्सफसाहेब कागदात मान घालून बसले होते. छताचा झालरीचा पंखा दोरीवर मागंपुढं होत होता आणि त्याच्या झुळकीनं टेबलावरच्या कागदांचे कोपरे उचलत होते, पडत होते. कचरू तेवढंच पाहत राहिला. मग "जी" म्हणून वळला. दारापासून व्हरांड्याच्या कडेपर्यंत पंधरा पावलं होती. एकोणीस वर्षं तो ती चालत आला होता, पण आज ती संपता संपेनात.

जालन्याच्या अदालतीत कचरू पुकारा करणारा शिपाई होता. कागद उर्दूत असत आणि ते त्याला वाचता येत नसत, पण वाचायचं कामही नव्हतं. पेशकारांनी नाव सांगायचं, त्यानं व्हरांड्यात जाऊन ते मोकळं सोडायचं. आधी माणसाचं नाव, मग वल्द म्हणून बापाचं, मग साकिन म्हणून गावाचं. नाव कानातून आत यायचं, तोंडातून बाहेर जायचं आणि मधे कचरू म्हणून कुणी नसायचं. शेताच्या बांधावरून भांडलेले भाऊ, नवऱ्यानं टाकलेल्या बाया, दुसऱ्याचा बैल हाकून नेलेली माणसं, सगळ्यांना त्यानं सारख्याच आवाजात बोलावलं होतं. संध्याकाळी कुंडलिकेच्या पुलावरून घरी जाताना कधी कधी दिवसभराची नावं त्याच्या मागं मागं येत, आणि पाण्याजवळ आली की विरून जात. तेव्हा त्याला बरं वाटे. आपण एक रिकामा वाडगा आहोत, लोक त्यातून पाणी पितात आणि पालथा घालून ठेवतात, असं त्याला वाटे; आणि त्यात वाईट वाटण्यासारखंही त्याला कधी काही दिसलं नव्हतं.

चैत्र होता. आवारातल्या कडुनिंबाला मोहोर आला होता आणि त्याचा कडवट गोड वास उन्हात तापून जड झाला होता. झाडाखाली पन्नास-साठ माणसं बसलेली. फाटकाशी पोलिसांचा जमादार दोन शिपायांबरोबर पान चघळत उभा होता. कचरूनं छाती भरून घेतली. "कचरू वल्द मच्छिंद्र, साकिन शहागड, हाजिर है?" समोरच्या भिंतीवर आपटून आवाज परत आला, आणि परत येताना फक्त 'कचरू' एवढंच घेऊन आला. माणूस दुसऱ्यांची नावं जन्मभर घेतो, पण स्वतःचं नाव कधी मोठ्यानं हाकारत नाही. ते नाव आपल्याच गळ्यातून कसं निघतं हे त्याला आज पहिल्यांदा कळलं. ते आईच्या हाकेसारखं निघालं होतं. आईची हाक शेवटी जरा वर चढायची, जणू पोर सापडेल की नाही याची तिला नेहमीच शंका असायची. आणि ती शंका उगीच नव्हती. कचरूच्या आधीची तीन मुलं पाळण्यातच गेली होती. म्हणून हा जन्मला तशी मावशीनं त्याला उचलला, मागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवला, एक लोळण दिली, आणि शेजारणीनं ओंजळभर ज्वारी देऊन त्याला 'विकत' घेतला. टाकलेलं पोर आहे, याच्यावर मरणाचा डोळा जाणार नाही. नाव ठेवलं कचरू. या मुलखात अशी नावं ठेवलेली माणसं गावोगाव होती. भर बाजारात हाक मारली तर दोघं-तिघं तरी वळून पाहत.

आणि त्यातलीच काही मोठी झाली होती. कचरू दहा वर्षांचा असताना बापानं, पुंजारामानं, त्याला तीर्थपुरीच्या जत्रेत कुस्त्या पाहायला नेलं होतं. हलगी कडाडत होती. फडातल्या माणसानं आवाज दिला, "कचरू!" आणि बापाच्या मांडीवर बसलेला हा उठला आणि गर्दीतून सरळ आखाड्याकडे चालू लागला. नाव आपलं आहे म्हटल्यावर जायला पाहिजे, एवढंच त्याच्या मनात होतं. लोक पोट धरून हसले. तिकडून खराखुरा कचरू पहिलवान आला, तांबड्या मातीनं माखलेला, कान चुरगळलेले. त्यानं या पोराला उचलून खांद्यावर घेतलं, आणि आखाड्याला एक फेरी घातली. वरून बाप केवढासा दिसत होता. तेल आणि हळदीचा वास, खांद्याची गरम हलणारी जमीन, खाली हजार तोंडं. त्या दिवसानंतर कचरूच्या मनात नावाची एक वेगळीच गोष्ट सुरू झाली. कुठंतरी दुसरे कचरू आहेत, ते आपल्या वाटणीचंही जगून घेत आहेत, आणि आपल्याला घाई करायचं कारण नाही.

त्यानं दुसऱ्यांदा पुकारलं. आणि तेव्हाच त्याला तो दिसला. भिंतीकडेच्या रांजणापाशी, भर उन्हात घोंगडी पांघरलेला एक माणूस ओणवा होऊन ओंजळीनं पाणी पीत होता. नाव ऐकताच त्याची मान उचलली. अर्धी वळली. बोटांच्या फटींतून पाणी गळून गेलं. आणि मग कुणीतरी वरून दाबल्यासारखी ती मान पुन्हा खाली गेली. एवढंच. दुसऱ्या कुणाला त्यात काही दिसलं नसतं. पण कचरूला ती मान ओळखू आली. नावाला माणसाच्या आधी त्याचं अंग उत्तर देतं, हे त्याला जत्रेपासून ठाऊक होतं. शहागडचा कचरू. जालन्याजवळच्या तारा तोडणारा, पुरात गोदावरी पोहून गेलेला, निजामाच्या पोलिसांना चार तालुके नाचवणारा. टांगेवाले त्याच्या गोष्टी सांगत तेव्हा कचरू गप्प ऐके आणि घरी जाताना जरा ताठ चाले. मागं एकदा चतुर्थीला राजूरला गेला असताना तिथल्या कचरूबुवांच्या भजनाला तो रात्र पडेस्तोवर बसला होता. निघताना पाया पडून म्हणाला होता, "बुवा, माझं बी नाव कचरूच हाये." बुवांनी टाळ फडक्यात गुंडाळता गुंडाळता म्हटलं होतं, "मंग काय भ्यायचं? टाकलेल्याला कोन चोरतंय, बाबा?" पहिलवान आता म्हातारा झाला होता, बुवा गेल्या साली वारले होते. उरला होता हा तिसरा, घोंगडीतला, वीस पावलांवर. आणि जमादारानं चघळणं थांबवलं होतं. त्याची नजर रांजणाकडे सरकत होती, सावकाश, भिंतीवरून पाल सरकावी तशी.

तिसरा पुकारा झाला. त्यानंतर काय झालं हे कचरूला पुढं कितीही आठवलं तरी नीट लावता आलं नाही. आपण पुकारलं, हे खरं. भिंतीवरून आवाज परत आला, हेही खरं. मग एक पोकळी झाली, निंबाचा मोहोर गळताना ऐकू येईल एवढी. आणि त्या पोकळीत कुणीतरी शांतपणे, थोड्याशा समाधानानंच म्हणालं, "हाजीर." साऱ्या आवारानं व्हरांड्याकडे पाहिलं. जमादारानंही पाहिलं. तेव्हा कचरूला कळलं की ते आपणच म्हणालो. आधी एक बाई हसली, मग सगळे हसले. आतून पेशकार धावत आले, जमादार दोन्ही शिपायांना घेऊन पायऱ्या चढून वर आला, मुन्सफसाहेबांचा आवाज आला, "ये क्या बेअदबी है?" त्या गलक्यात कचरूनं एकदाच रांजणाकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. फाटक उघडं होतं, आणि रांजणाखाली सांडलेलं पाणी फरशीवर वाळत चाललं होतं.

चौकीत त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. "कुनाला इशारा दिलास?" जमादारानं विचारलं. "कुनालाच न्हाई." "मंग हाजीर का म्हन्लास?" "माझं नाव हाये ते." यावर एक थप्पड बसली. पुन्हा तोच प्रश्न आणि तेच उत्तर झालं. भिंतीच्या चुन्याला एक भेग गेली होती, तिला फाटे फुटले होते. दुसऱ्या थपडेनंतर कचरूला ती गोदावरी वाटू लागली आणि तिच्या काठानं घोंगडीतला माणूस चाललेला दिसू लागला. किती वेळ गेला कळलं नाही. दिवस कलला तेव्हा अलीम आला. अलीम अदालतीतलाच चपराशी, गावोगाव समन्स पोचवणारा, कचरूहून सहा-सात वर्षांनी मोठा. त्यानं टोपी काढून घाम पुसला आणि जमादारासमोर अगदी घरच्यासारखा स्टुलावर बसला. "जमादारसाब, ये कचरू वल्द पुंजाराम. याच्या बापाच्या मातीला मी गेल्तो. शहागडवाला हा न्हाई, बिलकुल न्हाई. दिवसभर नावं वरडून वरडून याचं डोकं फिरलंय, दुसरं काय." जमादार अलीमकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "तुम जामिन रहते?" "रहता हूँ," अलीम म्हणाला. त्या दिवसांत, रझाकारांचा अंमल गल्लीबोळांतून फिरत असताना, एका कचरूसाठी असं म्हणणं सोपं नव्हतं. अलीमला त्यानंतर त्याच्या मोहल्ल्यात चार लोक बोलले, हे कचरूला फार उशिरा कळलं.

पुलावर आल्यावर अलीमनं विचारलं, "सच सांग. का बोललास?" "मला न्हाई माहीत." अलीम म्हणाला, "माहीत न्हाई तर बराबर हाये. कुनी इचारलं तर हेच सांग." घोंगडीतल्या माणसाबद्दल कचरू अलीमजवळही बोलला नाही. कामावरून त्याला महिनाभर घरी बसवलं. वैशाखाच्या लांब दुपारी तो आढ्याकडे पाहत पडून राही आणि अंबडवरून शहागडला जाणारी सडक त्याच्या अंगावरून जात राही. तिच्यावर तो माणूस चालत असे, कधी पुढं, कधी मागं, आणि कधी कधी घोंगडी कचरूच्याच खांद्यावर असे. तापलेल्या लोकरीचा वास येई. तहान लागे. आपण जन्मभर ज्या नावात पाहुण्यासारखे राहिलो त्याची ओसरी सोडून आता माजघरात आलो आहोत, असं त्याला वाटे. तुळजाबाई, त्याची बायको, भाकरीचं पीठ मळता मळता विचारी, "कुठं हाव तुमी?" "हितंच." "हितं न्हाई तुमी. जेवायला तरी या." तो उठून जेवायला बसे. ती ताटात कांदा फोडून ठेवताना त्याच्या गालावरच्या वळाकडे पाही.

भाद्रपदात गणपती बसलेले असताना हिंदुस्थानची फौज आली आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. जालन्याच्या सडकेवर माणसांचा पूर लोटला. एका उघड्या लॉरीतून शहागडचे कचरूभाऊ आले, हारांनी गळ्यापर्यंत भरलेले. कचरू टाचा उंचावून पाहत होता. त्याला चेहरा दिसला नाही. एक हात तेवढा दिसला, सारखा वर जाणारा. बाजूचा कुणीतरी म्हणाला, "कचरू, तुझंच नाव गाजतंय की." तो हसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग ते दिवस गेले आणि दुसरे दिवस आले. ज्यांनी काल घरं जाळली होती ते पळाले, आणि ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांची घरं जळाली. मुसलमान मोहल्ल्यांतून दुपारीसुद्धा दारं बंद असत. वाटेत ओळखीची माणसं भेटली तर एकमेकांच्या खांद्यापलीकडे पाहत. अदालतीला कुलूप होतं. कचरू रोज सकाळी घागरभर पाणी आणि फडक्यात बांधलेलं पीठ घेऊन अलीमच्या दाराशी जाई, तीनदा कडी वाजवी. अलीम आतून म्हणे, "कोन?" "कचरू वल्द पुंजाराम," हा म्हणे, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना दोघंही हसत.

अश्विनातल्या एका सकाळी दार सताड उघडं होतं. अलीमची बायको मदिना उंबऱ्यावर बसली होती, डोक्यावरची ओढणी घसरलेली, हातात अलीमची एक चप्पल. "भाई," ती म्हणाली, "नाम पूछे. बोले, अलीम. तो बोले, चलो." एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. कचरूनं घागर आत नेऊन ठेवली आणि तसाच निघाला. गावाबाहेरच्या जुन्या सराईत धरून आणलेल्यांना ठेवलं होतं. फाटकाशी टेबल टाकून एक कारकून बसला होता, नवा, दुसऱ्या मुलखातला, अंगानं किडकिडीत आणि जागरणानं डोळे लाल झालेला. वाईट माणूस नव्हता तो. यादी उलटून त्यानं बोट ठेवलं. "अलीम, जालना. घरं जाळणे, लूट." "वल्द?" कचरूनं विचारलं. "काय?" "बापाचं नाव काय लिवलंय?" "बापाचं नाव नाही." कचरूला आधी हे समजलंच नाही. एकोणीस वर्षांत असा पुकारा त्यानं केला नव्हता, कोंबडी चोरणाऱ्याचासुद्धा. "मंग पुकारनार कसं, साहेब?" कारकुनानं त्याच्याकडे थकून पाहिलं. "पुकारायचं कशाला? चौकशी होईल तेव्हा कळेल. घाई असेल तर शहागडच्या कचरूभाऊंची चिठ्ठी आणा. त्यांची हमी असली तर आमचे साहेब सोडतात."

दुसऱ्या दिवशी तो अंबडच्या मोटारीत बसला. पुढं शहागडपर्यंत. ज्वारी पोटऱ्याला आली होती आणि वाऱ्यावर शेतंच्या शेतं एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळत होती. मधेच एखादं काळं पडलेलं घर येई आणि मागं जाई. कचरू मनाशी बोलणं जुळवत होता. त्याला मागणं मागायची सवय नव्हती. पण यावेळी आपण रिकाम्या हातानं चाललेलो नाही, हे त्याला सारखं जाणवत होतं. काहीही न बोलता, नुसतं समोर उभं राहिलं, तरी तो माणूस ओळखील. व्हरांडा, रांजण, निंब. तो उठेल, खांद्यावर हात ठेवील. या विचारानं त्याला मघापासून एवढं सुख होत होतं की त्याची त्यालाच लाज वाटली. अलीम तिकडं जमिनीवर झोपत असेल.

कचरूभाऊ नदीकाठच्या शाळेच्या ओट्यावर बसले होते. भोवती माणसं. कचरूनं मनात धरलेला माणूस उंच, रुंद खांद्यांचा होता. हा लहानसर, गाल बसलेला, मधून मधून खोकणारा. खाली गोदावरी रुंद आणि संथ पडली होती. पाळी आली तेव्हा कचरूनं अलीमचं सगळं सांगितलं. कचरूभाऊ ऐकत होते. "मी त्याला वळखत न्हाई," ते म्हणाले. "तुमी वळखता?" "एकोनीस वर्सं." "उद्या तोच खरा निघाला तर?" "न्हाई निघायचा." कचरूभाऊ पाण्याकडे पाहू लागले. "रोज धा लोक येत्यात. समदेच म्हन्त्यात, न्हाई निघायचा. आमची बी माणसं मेलीत हो." मग कचरू, जे बोलायचं नाही असं ठरवून आला होता ते बोलला. चैत्रातली ती दुपार, पुकारा, घोंगडी, ओंजळ, जमादाराची नजर. "मी हाजीर म्हन्लो, भाऊ. तुमी फाटकातून गेलाव."

कचरूभाऊ त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. त्या पाहण्यात ओळख नव्हती, काळजी होती. "चैत्रात?" ते म्हणाले. "चैत्रात मी नगरकडच्या आमच्या छावणीत व्हतो. तापानं पडलेलो, एकवीस दिस. जालन्यात मी पाऊस पडेस्तोवर आलोच न्हाई." पाण्यावर एक बगळा उतरला, थोडं चालला. "मंग त्यो कोन व्हता?" शेवटी त्यानं विचारलं. कचरूभाऊ म्हणाले, "असंल कुनीतरी. आपल्या नावाची काय कमी हाये का?" ते 'आपल्या' त्यांच्या तोंडून सहज निघून गेलं, आणि मग त्यांच्याच ध्यानात आलं. "तुमचं नाव?" "कचरू. वल्द पुंजाराम." कचरूभाऊंच्या बोटांत फिरणारी पेन्सिल थांबली. "किती गेल्ते तुमच्या आधी?" "तीन." "माझ्या आधी दोन," कचरूभाऊ म्हणाले. जमलेल्या माणसांना हे काय चाललंय ते उमगलं नाही. दोघं थोडा वेळ तसेच बसले, एकाच घरच्या मातीला आलेल्या माणसांसारखे. मग कचरूभाऊंनी कागद पुढं ओढला. "बोला. अलीम, आन बापाचं नाव?" "निजामोद्दीन," कचरू म्हणाला.

परतीच्या मोटारीत त्याला आपण फार हलके झाल्यासारखं वाटत होतं, ताप उतरल्यावर वाटतं तसं. सहा महिने तो एका माणसाला घेऊन जगला होता, आणि तो माणूस नव्हताच. एखादा धनगर असेल. बाजाराला आला असेल, पाणी प्यायला आत शिरला असेल, आपलंच नाव पुकारलेलं ऐकून दचकला असेल, आणि अदालतीची भानगड नको म्हणून निघून गेला असेल. आत्ता या घडीला कुठल्यातरी माळावर मेंढरं वळत असेल, आणि त्याच्यासाठी कुणी थपडा खाल्ल्या हे त्याला मरेपर्यंत कळायचं नाही. कचरूला वाईट वाटायला हवं होतं. पण त्याला तो माळ दिसू लागला. उतरतं ऊन, मेंढरांच्या पायांची धूळ, आणि मधे कुणीच पाहत नसलेला तो माणूस. त्याच्या डोळ्यांवर झापड आली. वाऱ्यानं उडू नये म्हणून चिठ्ठी त्यानं बंडीच्या आत, छातीशी धरली होती.

सराईशी पोचला तेव्हा तिसरा प्रहर होता. मदिना फाटकाबाहेर कधीची येऊन उभी होती. कारकुनानं चिठ्ठी वाचली, आत जाऊन साहेबांची सही आणली. पहारेकऱ्याला इकडची भाषा येत नव्हती. "तुम्हीच बोलवा," कारकून म्हणाला. फाटक उघडलं. आत मोठं आवार होतं, आणि जमिनीवर दोन-अडीचशे माणसं गुडघे जवळ घेऊन बसली होती. एवढी माणसं एका जागी इतकी गप्प बसलेली कचरूनं कधी पाहिली नव्हती. त्यानं छाती भरून घेतली. "अलीम," तो म्हणाला, आणि बापाचं नाव घ्यायला त्यानं श्वास घेतला. तेवढ्यात पाच माणसं उभी राहिली.

मेंदी लावलेल्या दाढीचा एक म्हातारा. एक खाटीक, अंगातली बंडी तशीच डागाळलेली. हाताला चिंधी बांधलेला एकजण. चांगल्या कापडाची शेरवानी घातलेला एक, तिची एक बाही फाटलेली. आणि कोपऱ्यात, एका पायात चप्पल घातलेला, त्यांचा अलीम. पाचही जण त्याच्याकडे पाहत होते. कचरूला वाटलं, आपण त्यांना फसवलं. "अलीम वल्द निजामोद्दीन, साकिन जालना," तो घाईनं म्हणाला. अलीम बसलेल्यांच्या पायांतून वाट काढत आला. त्याच्या चेहऱ्यावर दोन दिवसांची दाढी खुंटली होती. कचरूच्या जवळून जाताना त्यानं त्याच्या दंडाला हात लावला, आणि फाटकातून बाहेर गेला. बाहेर मदिनाचा आवाज आला. इतकं झालं तरी ते चौघं खाली बसले नव्हते.

"हे?" कचरूनं विचारलं. "सगळे अलीमच," कारकून म्हणाला. "यादीत एकच आहे. कोणता ते कळेना, म्हणून सगळे आणले." कचरू तिथून हलला नाही. पहारेकऱ्यानं फाटकाला हात घातला. तेव्हा तो म्हातारा, मागणं मागत असल्यासारखा नव्हे तर चूक दुरुस्त करत असल्यासारखा म्हणाला, "वल्द करीमोद्दीन, भाई." खाटिकानं खाकरून आपल्या बापाचं नाव सांगितलं, "वल्द चाँद." चिंधी बांधलेला म्हणाला, "वल्द दस्तगीर." शेरवानीवाला शेवटी राहिला. तो कचरूच्या डोळ्यांत पाहत होता, आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते. मग तोही म्हणाला, अगदी हळू, "वल्द हुसेन." यातला एक खरा असेल, कचरूच्या मनात आलं. यातल्या एकानं घरं जाळली असतील. कुणी, ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं. चौघंही सारखेच उभे होते.

बाहेर अलीम म्हणाला, "चल घरी. काय बघून राह्यलास?" "काही न्हाई," कचरू म्हणाला. तिघं पुलावरून गेले. मदिना मधेच रडत होती, मधेच अलीमच्या अनवाणी पायाला रागं भरत होती. घरी तुळजाबाईनं ताट वाढलं. तो जेवला, आडवा झाला, आणि कितीतरी दिवसांनी त्याला स्वप्नंच पडली नाहीत. सकाळी तो अंबडच्या मोटारीपाशी गेला तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "काल तर जाऊन आल्ते की. आज कुनासाठी?" कचरूनं चढून खिडकीशी जागा धरली आणि वाटभर विसरू नयेत म्हणून चारही नावं, बापांसकट, हलक्या आवाजात म्हणायला सुरुवात केली.